चाळिशीतल्या विद्यार्थिनीची साक्ष कोण देणार?

विद्यापीठाच्या अर्जात शेवटी शेवटी एक रकाना येतो. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं, हुद्दा, संस्था, कार्यालयाचा ईमेल, आणि त्या तुम्हाला किती वर्षांपासून, कोणत्या कामामुळे ओळखतात ते लिहा. परदेशातल्या बहुतेक विद्यापीठांच्या पदव्युत्तर अर्जात तो असतो. आपल्याकडेही काही खासगी विद्यापीठं, संशोधन संस्था आणि फेलोशिपवाले तो मागू लागले आहेत. बावीस वर्षांची मुलगी तो बसल्या बसल्या भरते. एक नाव विभागप्रमुखांचं, दुसरं प्रकल्पाच्या मार्गदर्शकांचं. अक्कलकुवा तालुक्यातली अडतीस वर्षांची बाई, जिने संसार सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं आणि मधली पंधरा वर्षं अंगणवाडी चालवली, त्या रकान्यापाशी येऊन थांबते. पुष्कळदा अर्ज तिथेच राहतो.

माझं म्हणणं असं की तो रकाना मुळात तिच्याच उपयोगाचा आहे. बावीस वर्षांच्या मुलीला जे काही दाखवायचं आहे ते तिच्या गुणपत्रिकेत आलेलं असतं. पत्रामुळे त्यात फार भर पडत नाही. अडतीस वर्षांच्या बाईने पदवीनंतर आणि पदवीआधी जे कमावलं ते कुठल्याच गुणपत्रिकेत नाही. तिच्या बी.ए.च्या टक्केवारीवरून एवढंच कळतं की परीक्षेच्या आदल्या रात्री तिला अभ्यासाला किती वेळ मिळाला. तिचं खरं काम ज्या कागदावर येऊ शकतं तो एकच कागद अर्जात आहे, आणि नेमका तोच लिहून द्यायला तिच्याभोवती कुणी सापडत नाही. ही उणीव तिची नव्हे. ज्यांनी तिचं काम पाहिलं त्यांची आहे, आणि त्यांना विचारायची तसदी न घेणाऱ्या विद्यापीठांची आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात उशिरा शिकणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. आणि दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी. ऊसतोडीच्या हंगामात गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांबरोबर शाळेतली मुलंही जातात आणि परत येईतो वर्ष संपलेलं असतं. सरदार सरोवराच्या पाण्याने राज्यातली ३३ गावं बाधित झाली, ती अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. तिथे शाळा नावापुरत्या होत्या, म्हणून नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा सुरू केल्या. त्या पहिल्या वर्गांत बसलेली मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातल्या कुणी आता एम.ए.चा, समाजकार्याचा, सार्वजनिक आरोग्याचा अर्ज भरला, तर त्याला उशीर म्हणताना जरा थांबून विचार करावा. शाळाच ज्यांच्यापर्यंत उशिरा पोचली, त्यांच्या वयाचा हिशेब शहरातल्या मुलांच्या वयाशी लावता येत नाही.

आता प्रश्न पत्राचा. कुणी म्हणेल, ज्या प्राध्यापकांनी शिकवलं त्यांनाच मागावं. पण ते आहेत कुठे? राज्यभरच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं जागा रिक्त आहेत आणि शिकवण्याचं काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर ढकललेलं आहे. एका वर्षी इंग्रजी शिकवणारे सर पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात असतात, त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित हा पेशाच सोडून दुकान चालवत असतात. त्यांना त्या संस्थेचा ईमेल कधी मिळालेलाच नसतो. दहा वर्षांनी जुनी विद्यार्थिनी त्यांना शोधत आली, तर त्यांच्याकडे लेटरहेड नाही, शिक्का नाही आणि बहुधा आठवणही नाही. त्यांना दोष देता येत नाही. पाच ठिकाणी तास घेणाऱ्या माणसाने कुणाकुणाला लक्षात ठेवावं?

मुक्त विद्यापीठाची गोष्ट आणखी वेगळी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं आणि औपचारिक शिक्षण सुटलेल्या हजारो लोकांना त्याने पुन्हा पुस्तक हाती दिलं. त्याचे उपकार या जिल्ह्यावर फार मोठे आहेत. पण त्याची रचनाच अशी की पुस्तक घरी येतं, अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी संपर्कसत्र होतं, समंत्रक शंका सोडवतात आणि विद्यार्थी एस.टी. पकडून निघून जातो. चांदसैलीच्या घाटातून उतरून तळोद्याला येणाऱ्या बाईचं लक्ष निम्मं परतीच्या गाडीकडे असतं. तिला नावाने ओळखणारा शिक्षक तयार व्हावा एवढा सहवास त्या व्यवस्थेत घडत नाही. मुक्त विद्यापीठ प्रवेशाला शिफारसपत्र मागत नाही, हे चांगलंच आहे. मात्र तिथून बाहेर पडून पुढे जाणाऱ्याला जे पत्र लागतं ते तिथे मिळत नाही, हेही तितकंच खरं.

मग माणसं काय करतात? दोन ओळखीचे मार्ग आहेत. एक दाखल्याचा. गावोगावच्या शाळा-कॉलेजांतून, पोलीस पाटलांकडून, सरपंचांकडून मिळणारा तो ठरीव मजकूर: सदर व्यक्तीस मी वैयक्तिकरीत्या ओळखतो, माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली आहे, त्यांच्या भावी आयुष्यास शुभेच्छा. आपली सगळी कागदी व्यवस्था या दाखल्यांवर उभी आहे. शिक्षणात खंड पडला तर त्याचं प्रतिज्ञापत्र, जातीचा दाखला, त्याच्या वैधतेसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे. या सगळ्यांतून एवढंच सिद्ध होतं की माणसाविरुद्ध काही नाही. त्याच्या बाजूने काय आहे, हे कुणी विचारत नाही, म्हणून कुणी लिहीतही नाही.

दुसरा मार्ग वजनदार माणसाच्या पत्राचा. आमदारांचं, संस्थेच्या अध्यक्षांचं, एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचं. बदलीला, वसतिगृहाला, दवाखान्यातल्या खाटेला अशी पत्रं उपयोगी पडतात, म्हणून लोकांना वाटतं विद्यापीठालाही पडतील. मी निवडीच्या कामात अशी पत्रं वाचली आहेत. त्यांत सहीखालचं पद वजनदार असतं, पण ज्याच्यासाठी पत्र लिहिलं त्याच्याविषयी एकही गोष्ट नसते. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की अर्जदार त्या कार्यालयापर्यंत पोचू शकला.

आणि एक तिसरी रीत, जी मला सगळ्यांत घातक वाटते. "तूच लिहून आण, मी सही करतो." हे वाक्य बोलणारा माणूस बहुतेक वेळा भला असतो. त्याच्याकडे वेळ नसतो, इंग्रजीची धास्ती असते, आणि आपण उपकारच करतोय असं त्याला मनापासून वाटतं. मग ती बाई भाच्याला बसवते, तो मोबाईलवरून एक नमुना काढतो, आणि तिच्या नावाने एक पत्र तयार होतं ज्यात ती कुशल संवादक आणि संघभावनेने काम करणारी असते. धडगावच्या पाड्यावर तिने कुपोषित पोर सापडल्यावर काय केलं, हे त्यात येत नाही, कारण ते भाच्याला माहीत नाही आणि स्वतःबद्दल तसं लिहायची तिला लाज वाटते. ज्याने पाहिलं त्याने लिहिलं नाही, जिने लिहिलं तिला स्वतःची तारीफ करता आली नाही. निवड समितीतला अनुभवी माणूस असं पत्र दोन ओळींत ओळखतो आणि बाजूला ठेवतो.

या ठिकाणी एका जुन्या गोष्टीकडे बघावंसं वाटतं. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. भीमराव आंबेडकर शिकत होते एल्फिन्स्टनमध्ये. म्हणजे केळुसकर त्यांचे वर्गशिक्षक नव्हते, त्यांनी त्यांचा एकही पेपर तपासला नव्हता. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांपाशी त्यांनीच शब्द टाकला आणि कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ज्याने बाकावर बसलेल्या पोराचं वाचन दिवसेंदिवस पाहिलं त्याचा तो शब्द होता. कोलंबियात शिकल्यानंतर तिथले प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी १९१६ साली लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना आंबेडकरांविषयी पत्र लिहिलं. पैशाअभावी लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवावे लागले, आणि १९२० मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा लंडनला गेले. मधे खंड पडलेला, नोकरी करून परत आलेला विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच बघतो. या सगळ्या प्रवासात कामाला आलेली माणसं पाहा: एक बागेत भेटलेला शिक्षक, एक ज्यांच्या वर्गात ते बसले ते प्राध्यापक. दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं.

केळुसकर आज नंदुरबारात आहेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आहेत, बालविकास प्रकल्पाच्या पर्यवेक्षिका आहेत, केंद्रप्रमुख आहेत, वनहक्काच्या कामातले कार्यकर्ते आहेत. त्यांनी पाहिलंय. त्यांना कुणी सांगितलेलं नाही की हे लिहून देणं त्यांचं काम आहे.

एक उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं घेऊ. २०२० साली, कोरोनाच्या धास्तीने पाड्यांवरच्या बायकांनी अंगणवाडीत यायचं थांबवल्यावर चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः नर्मदेत होडी वल्हवत त्यांच्यापर्यंत जाऊ लागल्या. सुमारे १८ किलोमीटर. गरोदर बायकांची, नवजात बाळांची वजनं, पोषण आहार, सगळं त्यांनी चालू ठेवलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी केली म्हणून देशाला कळली. त्यात धाडस होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. मला त्यातली नोंदवही जास्त महत्त्वाची वाटते. कोणत्या पाड्यावर कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणाचं वजन घटलं, कोणाकडे पुन्हा आधी जायचं, हे ठरवणारी बुद्धी सार्वजनिक आरोग्याच्या कुठल्याही पदव्युत्तर वर्गात उपयोगी पडणारी आहे. अशा कितीतरी सेविका आणि आशाताई या जिल्ह्यात आहेत, ज्यांच्यापर्यंत वार्ताहर पोचला नाही. त्यांच्यातल्या एकीने उद्या अर्ज भरला, तर तिची होडी कोण सांगणार?

मागायचं कसं, हेही अवघड असतं. एका आशाताईंनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं तो प्रसंग मला त्यांच्याकडूनच कळला. "सर, एक पत्र हवं होतं." सरांनी विचारलं, "कसलं? मानधनाचं काही राहिलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही सर. शिकायचंय." सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, मी काय लिहू? तुमचे मार्क तर मला माहीत नाहीत." हाच तो गैरसमज. मार्क विद्यापीठाला माहीतच असतात. सरांना जे माहीत होतं ते असं: लसीकरणाला नकार देणाऱ्या एका वस्तीत या बाईंनी आधी पावरी बोलीत म्हाताऱ्यांशी बोलणं केलं, मग सुनांशी, आणि तिसऱ्या फेरीत सगळी मुलं केंद्रावर आली. शेवटी त्यांनी तेच लिहिलं, मराठीत, एका पानात. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि दोन्ही कागद एकत्र जोडले. माझ्या पाहण्यातल्या चांगल्या पत्रांपैकी ते एक आहे.

त्या पत्रात एक गोष्ट मुद्दाम नव्हती, तीही सांगतो. अशी पत्रं लिहिणाऱ्यांचा हात फार लवकर एका वळणावर जातो: अत्यंत गरीब आदिवासी कुटुंबातील, प्रतिकूल परिस्थितीत, मागास भागातील. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पान त्यातच भरतं आणि माणूस उरत नाही. शहाद्याचे कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच वेदनेची आहे, की आमचं दुःख आम्हाला सांगू न देता दुसरेच व्यासपीठावरून सांगत राहिले. शिफारसपत्र म्हणजे शेवटी दुसऱ्याने आपल्याविषयी केलेलं बोलणं, म्हणून तिथे हा धोका सगळ्यांत जास्त. गरिबी सांगायची असेल तर अर्जदार स्वतः सांगेल, तिच्या शब्दांत, तिला हवी तेवढी. साक्षीदाराने तिचं काम सांगावं.

आडनावांचा घोळ तर बाहेरच्यांना सुचणारही नाही. वसावे, पाडवी, वळवी, पावरा, गावित, तडवी: सातपुड्यात मोजक्या आडनावांत अख्खे तालुके मावतात. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकास नावाच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. तिथे शाळा सोडून बराच काळ झालेल्या अर्जदाराला नोकरीतले वरिष्ठ किंवा स्वयंसेवी कामातले प्रमुख यांचं पत्र चालतं. नातेवाईक, मित्र, जोडीदार यांचं चालत नाही. नियम रास्त आहे. पण अर्जदार वसावे, पर्यवेक्षिका वसावे, मुख्याध्यापकही वसावे, असा अर्ज लंडनमध्ये किंवा दिल्लीत बसलेल्या माणसाने पाहिला तर त्याला काय वाटेल? पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावं की आमचं आडनाव एक आहे, नातं नाही, आणि या भागात ते आडनाव सर्रास आहे. कार्यालयाचा ईमेल नसेल तर जीमेलच द्यावा, पण लेटरहेड, हुद्दा आणि कार्यालयाचा दूरध्वनी सोबत द्यावा. आणि बदलीची वाट पाहू नये. आरोग्य केंद्रातले डॉक्टर, प्रकल्पातले अधिकारी इथे फार काळ टिकत नाहीत. ते जाण्याआधी त्यांच्याकडून पत्र घेऊन ठेवावं, अर्ज दोन वर्षांनी भरायचा असला तरी.

यावर एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो हलका नाही. ही पत्रं काढूनच टाका, असं काही जण म्हणतात. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच ती मिळतात, खोटी लिहिता येतात, मग गरिबाला आणखी एक अडथळा कशाला? पदवीच्या प्रवेशापुरतं मला हे मान्य आहे. मात्र पुढच्या शिक्षणात पत्र काढलं तर उरतं काय? टक्केवारी आणि मुलाखत. टक्केवारीत ती बाई आधीच मागे आहे, आणि मुलाखत तिच्या भाषेत होत नाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला २० जणांना मिळते आणि तिला पस्तीस वर्षांची अट आहे. जिला शाळाच उशिरा मिळाली तिच्या हातात तिथे दोन-तीनच वर्षं उरतात, आणि परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळवायला पत्रं लागतातच. रकाना पुसल्याने तिचा फायदा होत नाही. तो भरण्याची सोय केल्याने होतो.

खोटेपणाच्या भीतीलाही उत्तर आपल्याच कायद्यात आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. जमिनीवरचा जुना ताबा सिद्ध करायला त्या नियमांत पावत्या आणि नकाशांच्या बरोबरीने आणखी एक पुरावा धरलेला आहे: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदन. कागद नसलेल्या माणसासाठी पाहिलेल्या माणसाचा शब्द सरकारने ग्राह्य धरला, त्याची पडताळणी करायला समित्या नेमल्या, आणि हजारो एकरांचे निर्णय त्यावर झाले. धडगाव, अक्कलकुव्यात वनहक्क समितीचे सचिव म्हणून ज्या तरुणांनी हे जबाब लिहून घेतले, मोजण्या केल्या, फायली उपविभागीय समितीपर्यंत नेल्या, ते आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. कायदा, भूगोल, समाजशास्त्र यांचं जे शिक्षण त्यांनी त्या फायलींतून घेतलं ते कुठल्याही विद्यापीठाने ग्राह्य धरावं असं आहे. जमिनीला जी साक्ष चालते ती शिक्षणाला का चालू नये? २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवालाही श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली आहे. पण अनुभव होता हे कोण सांगणार, हा प्रश्न तिथेही येतोच.

आमचा जिल्हा जळगावच्या ज्या विद्यापीठाखाली येतो त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने ऐकून उतरवून ठेवली. त्या गेल्यानंतर आचार्य अत्र्यांनी ती पाहिली, त्यांचं मोल ओळखलं, आणि १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह पुस्तक आलं. ऐकणारे, उतरवणारे आणि जाहीरपणे सांगणारे भेटले नसते तर तो आवाज शेतातच राहिला असता. अशा नावाच्या विद्यापीठाने पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रवेशात, तिशी ओलांडलेल्या अर्जदारासाठी, प्राध्यापक नसलेल्या माणसाचं मराठीतलं एक पान ग्राह्य धरावं, मुलाखतीआधी त्या माणसाला फोन करावा, एवढी मागणी मी करतो. त्याला नवं अनुदान लागत नाही. एक परिपत्रक लागतं.

उरतात ते लोक, ज्यांचं काम पाहणारा हुद्देदार माणूसच नव्हता. सुईणपण करत शिकलेली बाई, बुडितातल्या गावात मुलांना अक्षरं शिकवणारा होडीवाला. त्यांच्यासाठी ग्रामसभा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला योजनांचे लाभार्थी निवडायचा अधिकार दिलेला आहे. आमच्या जिल्ह्याचा बराचसा भाग त्या क्षेत्रात येतो. घरकुल कुणाला द्यावं हे ठरवणारी सभा अमुक बाईने दहा वर्षं गावात काय केलं हेही ठरावात लिहू शकते. सभेवर एखाद्या घराण्याचा दबाव असेल तर ठराव खोटा होईल, ही भीती खरी आहे. म्हणून ठरावात विशेषणं नकोत, घडलेल्या गोष्टी हव्यात, तारखांसह, आणि ज्यांच्या घरी त्या घडल्या त्यांच्या सह्या किंवा अंगठे हवेत. येत्या जूनचे प्रवेश सुरू होण्याआधी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभा होतात. विषयपत्रिकेत हा विषय घालायला ग्रामपंचायतीला आधी नोटीस द्यावी लागते, तेवढं लक्षात ठेवून अर्ज करावा.